एक नोंद, अनेक हिशोब

उद्योगसंस्थेत घडणारी प्रत्येक घटना, मग ती मालाची विक्री असो वा कच्च्या मालाची आवक, एकाच वेळी अनेक विभागांच्या कामाची असते. परंतु विभागागणिक वही वेगळी असेल तर तीच घटना विक्री विभागात एकदा, गोदामात दुसऱ्यांदा आणि लेखा विभागात तिसऱ्यांदा लिहिली जाते, आणि महिनाअखेरीस या नोंदींचा मेळ घालण्यात कारकुनांचे दिवस खर्ची पडतात. ती घटना जिथे घडते तिथेच एकदा नोंदवून तिच्यावरून निघणारे सर्व हिशोब आपोआप मांडणाऱ्या व्यवस्थेला एकात्मिक व्यवसाय माहिती प्रणाली म्हणतात. तिच्या लाभांची चर्चा बहुधा संगणकाच्या वेगापाशीच थांबते. वास्तविक वेग हा दुय्यम लाभ असून दुबार नोंद टळणे हाच तिचा मुख्य लाभ मानावा लागेल.

या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग चहा आणि केक विकणाऱ्या एका कंपनीने केला. ब्रिटनमधील जे. लायन्स अँड कंपनीची सुमारे २०० चहागृहे होती. ग्राहकागणिक होणारी विक्री किरकोळ, माल नाशवंत आणि व्यवहारांची संख्या मात्र प्रचंड, त्यामुळे हिशोब ठेवण्याचाच खर्च नफा खाऊन टाकील अशी स्थिती होती. १९२३ मध्ये कंपनीत आलेले गणितज्ञ जॉन सिमन्स यांनी कार्यालयीन पद्धतींच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभागच उभा केला, आणि संगणक हाती येण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे ही कंपनी कोणता कागद कुठून कुठे जातो आणि तो का लागतो याची चिकित्सा करीत राहिली. पुढे केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांच्या गटाला तिने ३,००० पौंडांचे साहाय्य दिले आणि त्याच धर्तीवर ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, म्हणजे ‘लिओ’, हा स्वतःचा संगणक बांधला. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन सुरू झाले. मिठाईवाल्यांनी संगणक बांधावा याचे आजही नवल वाटते.

खरी एकात्मता १९५४ मध्ये आली. प्रत्येक चहागृहाची वारानुसार ठरलेली मागणी आधीच नोंदलेली असे. चहागृहाची व्यवस्थापिका दुपारी दूरध्वनीवर तीत करावयाचा बदल तेवढा सांगत असे आणि तो छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या रूपाने यंत्रात जात असे. त्या एका नोंदीवरून रात्री कोणता माल किती बनवायचा, कोणत्या चहागृहासाठी काय भरायचे, गाड्यांनी तो कसा पोहोचवायचा, बीजक किती रकमेचे आणि खर्च किती, हे सारे निघत असे, शिवाय व्यवस्थापनासाठी अहवालही तयार होत असे. उरलेला माल टाकून देणे आणि माल संपल्याने गिऱ्हाईक परत जाणे, हे दोन्ही तोटे कमी करण्याचे साधन असे एकाच वेळी हाती आले.

कारखान्यात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो, कारण तिथे बहुतेक वस्तूंची मागणी दुसऱ्या वस्तूंच्या मागणीवर अवलंबून असते. सायकली किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो. पण १,००० सायकली करायच्या ठरल्या की २,००० चाके लागणार, हे केवळ गणित आहे. त्यातून शिल्लक आणि आधीच मागवलेली चाके वजा करायची आणि पुरवठादाराला लागणारे दिवस मागे मोजून मागणीची तारीख काढायची, या पद्धतीला साहित्यगरज नियोजन म्हणतात. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात ती रुजवली आणि १९७५ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. न लागणारा माल गोदामात पडून राहिला नाही म्हणजे त्यात अडकलेले खेळते भांडवल मोकळे होते, आणि कंपनीच्या ताळेबंदात या प्रणालीचा लाभ प्रथम दिसतो तो इथेच.

आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन केलेल्या सॅप या कंपनीने हाच विचार लेखा विभागापर्यंत नेला आणि रात्री एकगठ्ठा हिशोब करण्याऐवजी नोंद होताक्षणीच तो अद्ययावत करण्याचा आग्रह धरला. अशा प्रणालीत खरेदीचा आदेश, गोदामातील आवक आणि पुरवठादाराचे देयक या तिघांची संख्या व दर जुळल्याखेरीज पैसे अदा होत नाहीत, त्यामुळे न आलेल्या मालाचे पैसे देण्याची चूक आणि लबाडी दोन्ही वेळीच उघडी पडतात. अशा प्रणालींना एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, थोडक्यात ‘ईआरपी’, हे नाव गार्टनर या सल्लागार संस्थेने १९९० मध्ये दिले.

मात्र नोंद एकच असल्याने तिच्यातील चूकही एका वहीत अडकून न राहता सर्वत्र पोहोचते, आणि ती नोंद कशी करायची यावर सर्व विभागांचे एकमत आधी व्हावे लागते. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ही किंमत सहसा छापलेली नसते. लिडल या जर्मन किराणा साखळीने २०११ पासून सॅपची प्रणाली बसवण्याचा प्रयत्न केला. तयार प्रणाली मालाचे मूल्य विक्रीच्या किमतीने धरी, तर लिडलची रीत ते खरेदीच्या किमतीने धरण्याची होती. कंपनीने आपली रीत सोडली नाही आणि प्रणालीतच फेरफार करावे लागले. सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या आल्यानंतर २०१८ मध्ये लिडलने तो प्रकल्प बंद केला आणि आपल्या जुन्या प्रणालीवरच काम पुढे चालू ठेवले.