हिमावरची स्कूटर

पुण्यात शिवाजीनगर भागात हवामान खात्याची जुनी इमारत आहे. लोक तिला 'सिमला ऑफिस' म्हणतात. खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून हे नाव पडले. पुण्यात हिम पडत नाही. पण याच हवामान खात्याची माणसे अंटार्क्टिका खंडावरील 'मैत्री' या भारतीय केंद्रावर जाऊन हवामानाच्या नोंदी ठेवतात. तेथे रस्ते नाहीत, एस. टी. नाही, रिक्षा नाही. मग माणसे जातात-येतात कशी? त्यांच्या वाहनांपैकी एक म्हणजे हिमस्कूटर. आज आपण तिची ओळख करून घेऊ.

प्रथम एक शब्द नीट समजून घेऊ. 'बर्फ' हा शब्द तुम्हांला घरचाच आहे. उर्दूत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि सरबतात टाकतात तोही बर्फ. मराठीत मात्र लेखक बहुधा फरक करतात. पाणी गोठून झालेला कठीण खडा म्हणजे बर्फ आणि आकाशातून भुरभुरत पडते ते हिम. तुम्ही ज्याला बर्फबारी म्हणता, तो मराठीत हिमवर्षाव.

ताजे हिम पिठासारखे हलके असते. त्याच्या कणांमध्ये हवा भरलेली असते. असे हिम दहा घागरी भरून वितळवले, तर जेमतेम एक घागर पाणी मिळते, कधी अर्धीच. म्हणून त्यावर पाय ठेवला, की माणूस कमरेपर्यंत आत जातो. मोटारीची चाके तर जागच्या जागी फिरत राहतात.

ही अडचण केवळ गैरसोयीची नाही. ती जिवावर बेतते. कॅनडातील क्वीबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए नावाचा एक मेकॅनिक राहत असे. हिमावर चालणारी गाडी बनवण्याची त्याची खटपट चालू होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने अत्यवस्थ झाला. सारे रस्ते हिमाने बुजले होते. मुलाला दवाखान्यात नेता आले नाही आणि ते मूल दगावले. बापाने काम सोडले नाही. १९३७ साली त्याला पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीच्या रचनेचे पेटंट मिळाले. पुढे १९५९ साली त्याने एक-दोन माणसांसाठी छोटी गाडी बाजारात आणली. आजच्या हिमस्कूटरचे हे जुने रूप होय.

हिमस्कूटरला चाके नसतात. पुढे दोन स्की म्हणजे घसरपट्ट्या असतात आणि मागे रुंद रबरी पट्टा असतो. इंजिन हा पट्टा फिरवते. पट्ट्यावर आडवी रबरी पाती असतात. होडीची वल्ही जशी पाणी मागे लोटतात, तशी ही पाती हिम मागे लोटतात आणि गाडी पुढे सरकते.

पण एवढी जड गाडी बुडत कशी नाही? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. साठ किलो वजनाच्या माणसाच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १५० ग्रॅम भार आला. आता ३०० किलोंची गाडी व ७० किलोंचा चालक मिळून ३७० किलो झाले. पट्टा व स्की मिळून सुमारे १०,००० चौरस सेंटिमीटर जागा हिमाला टेकते असे समजा. भार आला फक्त ३७ ग्रॅम! म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाच्या एक चतुर्थांश. उंटाचे पसरट पाय वाळूत रुतत नाहीत, त्याचेही कारण हेच.

म्हणून सामान वाहण्याच्या हिमस्कूटरचा पट्टा शर्यतीच्या गाडीपेक्षा रुंद असतो. खोल, भुसभुशीत हिमासाठी तो लांबही हवा, त्यावरील पाती उंच हवीत आणि स्की रुंद हव्यात. मागे सामानाची घसरगाडी जोडायची असेल, तर ती दोराने बांधू नये. लोखंडी दांड्याने जोडावी. दोराने बांधलेली घसरगाडी उतारावर चालकाच्या पाठीवर येऊन आदळते.

गाडी चालवण्याचीही एक रीत आहे. वेग एकसारखा ठेवावा. मध्येच थांबले, की गाडी खाली बसते. वळताना नुसते हँडल फिरवून भागत नाही, कारण मऊ हिमात स्कीला पकड मिळत नाही. चालकाने उभे राहून आपले वजन वळणाच्या बाजूला झुकवावे लागते. उतारावर आडवे जाताना वजन डोंगराच्या बाजूला ठेवावे. थांबायचेच असेल, तर उताराकडे तोंड करून थांबावे; म्हणजे पुन्हा निघणे सोपे जाते.

तरीही गाडी रुतली तर? नवखा माणूस जोरात रेस देतो. पट्टा फिरतो, खड्डा खोल होतो आणि गाडी आणखी खाली जाते. जाणता माणूस इंजिन बंद करतो, फावड्याने गाडीच्या पुढचे व पोटाखालचे हिम काढतो, समोरची वाट पायांनी दाबून घट्ट करतो आणि मग हळूच गाडी काढतो. पावसाळ्यात चिखलात अडकलेली बैलगाडी काढणारा शेतकरी यापेक्षा वेगळे काय करतो?

जड सामान न्यायचे असेल, तर आणखी एक युक्ती आहे. आदल्या दिवशी रिकामी गाडी त्याच वाटेने दोन-तीनदा फिरवायची. दाबलेले हिमकण रात्रभरात एकमेकांना चिकटतात आणि वाट कडक होते. दुसऱ्या दिवशी त्यावरून ओझे सहज जाते. घाई करणारा मात्र पहिल्याच दिवशी अडकतो.

प्रवासाला निघताना फावडे, दोर, इंजिनचा जादा बेल्ट, जादा प्लग, हत्यारे, जादा पेट्रोल, बॅटरी आणि अन्न जवळ असलेच पाहिजे. अंगाला लागून सुती कपडा नको. तो घामाने भिजतो आणि अंग गार पडते. लोकरीचा कपडा ओला झाला तरी काही ऊब देतो. हिमावरून परतणारे ऊन डोळ्यांना इजा करते, म्हणून गॉगल हवा. हिमकडा कोसळण्याची भीती असेल, तेथे प्रत्येकाच्या अंगावर संदेश पाठवणारे छोटे यंत्र असते. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. बाहेरून मदत येईपर्यंत ती निघून जातात. सोबतीच वाचवू शकतो. म्हणून पहिला नियम असा, की एकट्याने कधीही जाऊ नये.

आपल्या देशात सियाचीनच्या हिमनदीवर आपले सैनिक हिमस्कूटर वापरतात. काश्मीरमधील गुलमर्गला हिवाळ्यात ती दिसते. तेथील हिम मऊ व खोल असते. अंटार्क्टिकाचे हिम वाऱ्याने बरेचसे टणक झालेले असते. पण तेथे धोका दुसरा असतो. बर्फातील खोल भेगांवर हिमाचा पातळ थर साचतो आणि भेग दिसेनाशी होते. त्यामुळे वाट तपासूनच पुढे जावे लागते. 'मैत्री' केंद्र समुद्राकडील बर्फाच्या काठापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. तेथे इंधन व धान्य पोचवायला मोठ्या पट्ट्यांच्या गाड्यांचा तांडाच निघतो.

अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. २१ जणांचे हे पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरच्या डॉ. अदिती पंत या दोघी गेल्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर जाणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत यांचे पदवीचे शिक्षण पुणे विद्यापीठात झाले होते.

यंत्र माणसाला हिमावर तरंगत नेते. पण कोठे थांबायचे, कोणाला सोबत घ्यायचे आणि केव्हा मागे फिरायचे, हे यंत्र सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

स्वाध्याय
१. ताजे हिम हलके का असते?
२. जड हिमस्कूटर हिमात का बुडत नाही? गणित मांडून सांगा.
३. रुतलेली गाडी काढताना नवखा माणूस कोणती चूक करतो?
४. 'बर्फ' आणि 'हिम' हे शब्द वापरून दोन-दोन वाक्ये लिहा.