नकार देणारा अडोनिस

कथा सुरू होऊन चार-पाच कडवी होत नाहीत, तोच देवी त्या तरुणाला घोड्यावरून खाली ओढते. तिच्या एका हातात घोड्याचा लगाम आहे आणि दुसऱ्या काखेत लाजेने लालबुंद झालेला मुलगा. युद्धदेव मार्सला जिने आपला कैदी करून नाचवलं, ती प्रेमाची देवता व्हीनस एका कोवळ्या शिकाऱ्याची विनवणी करते आहे. त्याचं मन मात्र रानडुकराच्या पारधीत गुंतलेलं. शेक्सपिअरच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ या कथाकाव्याचा हा आरंभ.

आपल्याकडे शेक्सपिअर आला तो नाटककार म्हणून. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून आला, देवलांच्या ‘झुंझारराव’मधून आला, शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधून आला. त्याच्या काळातल्या वाचकांना मात्र तो आधी माहीत झाला तो या काव्यामुळे. १५९२च्या उन्हाळ्यापासून लंडनमधली नाट्यगृहं बंद पडू लागली होती. प्लेगच्या साथीने ती जवळजवळ दोन वर्षं नीट उघडलीच नाहीत. शेक्सपिअर तेव्हा तिशीला टेकलेला. १५९३मध्ये त्याने हे काव्य छापलं, तेही त्याच्याच गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या रिचर्ड फील्ड या मुद्रकाकडून. अर्पण केलं साउदॅम्प्टनच्या एकोणीस वर्षांच्या उमरावाला. अर्पणपत्रिकेत त्याने या काव्याला आपल्या प्रतिभेचं पहिलं अपत्य म्हटलं आहे. त्याच्या हयातीत त्याचं सर्वाधिक वेळा छापलं गेलेलं पुस्तक हेच. ‘हॅम्लेट’सुद्धा त्याच्या मागे.

मूळ कथा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या दहाव्या भागातली. आपल्या पत्नीला, युरिडिसीला, कायमचा मुकलेला गायक ऑर्फियस ती सांगतो. अडोनिसचा जन्मच एका निषिद्ध वासनेतून झालेला. त्याची आई मिर्रा स्वतःच्या बापावर भाळली, पुढे तिचं झाड झालं आणि त्या झाडाचं खोड दुभंगून हा मुलगा जन्मला. क्यूपिडच्या बाणाचा ओरखडा चुकून व्हीनसला लागतो आणि ती या मुलाच्या प्रेमात पडते. ओव्हिडची व्हीनस त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडते, ससे-हरणं पळवते, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गोष्ट सांगते. अडोनिस तिला कुठेही झिडकारत नाही. तो रानडुकराच्या सुळ्याने मरतो आणि ती रडते. सरळ प्रेमकथा, सरळ वियोग.

शेक्सपिअरने यातली कळीची गोष्ट बदलली. त्याचा अडोनिस नाही म्हणतो.

या एका नकाराने कथेचा पायाच हलला. १,१९४ ओळींपैकी मोठा भाग नुसत्या संभाषणाचा आहे. ती मनधरणी करते, तो मान फिरवतो. ती सौंदर्याची महती सांगते, तो म्हणतो, मी अजून पिकलेलो नाही, मला स्वतःचीच ओळख पटायची आहे, आताच तोडू नकोस. या भागात हसू येईल असं बरंच आहे. तेवढ्यात त्याचा घोडा एका घोडीच्या मागे उधळतो आणि व्हीनसला आयता दाखला मिळतो: बघ, जनावराला कळतं ते तुला कळत नाही! पण हसता हसता वाचक अडखळतो, कारण कवी व्हीनसला ज्या उपमा देतो त्या प्रेमिकेच्या नाहीत. भुकेलेली गरुडीण पिसं, मांस, हाडं सगळं फाडते, तशी ती त्याच्यावर तुटून पडते. तो जाळ्यात अडकलेला पक्षी आहे. ती स्वतःला उपवन म्हणवते आणि त्याला त्यात चरायला सोडलेलं हरीण. सुटायची धडपड करणारा अडोनिस तिला वासना आणि प्रेम यांतला फरक समजावून सांगतो, आणि त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

मग तिची बाजू उरते कुठे? माझ्या मते काव्याचा गाभा सशाच्या कडव्यांत आहे. घाईत वाचणारे तीच कडवी ओलांडून पुढे जातात.

अडोनिस सांगतो, उद्या मित्रांबरोबर रानडुकराच्या पारधीला जाणार. व्हीनस हादरते. शिकार करायचीच असेल तर सशाची कर, म्हणते, आणि पळणाऱ्या सशाचं वर्णन सुरू करते. पारधी कुत्र्यांना आपला माग लागू नये म्हणून तो मेंढ्यांच्या कळपात घुसतो, वासात वास मिसळून जावा म्हणून हरणांच्या घोळक्यातून जातो. लांब टेकडीवर मागच्या पायांवर उभा राहून कान टवकारतो, आणि पुन्हा तेच भुंकणं ऐकू येतं. दवाने भिजलेला तो वाकडातिकडा पळत सुटतो. काटेरी झुडपं पाय ओरबाडतात. प्रत्येक सावलीशी थबकतो, प्रत्येक खसफस त्याला थांबवते. शेक्सपिअरने इथे आपल्या वॉरिकशरच्या शेतांतलं पाहिलेलं ओतलंय असं वाटतं, इतका हा ससा खरा आहे. मुद्दा मात्र वेगळा आहे. आतापर्यंत शिकारी असलेली ही स्त्री पहिल्यांदाच शिकार होणाऱ्याच्या जिवाने जग पाहते. निघाली होती अडोनिसला सशाच्या शिकारीसाठी पटवायला, आणि बोलता बोलता सशाचीच वकिली करून बसली. तिला स्वतःलाच त्याचा पत्ता नाही. मी कुठे होते, असं ती विचारते. तो म्हणतो, कुठेही असलीस तरी आता पुरे, रात्र झाली. आणि अंधारात निघून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आधी जखमी कुत्रे भेटतात. ती मृत्यूला शिव्याशाप देते, लांबून शिकाऱ्याची हाळी ऐकून आशेने त्याच मृत्यूची माफी मागते, आणि मग तिला मरून पडलेला अडोनिस दिसतो. शिंगाला धक्का लागताच गोगलगाय कवचात आक्रसते, तशी तिची नजर आत ओढली जाते. त्यानंतर ती जे बोलते ते या काव्यातलं सर्वांत भयंकर वाक्य आहे. रानडुकराला त्याचं चुंबनच घ्यायचं असेल, म्हणते. मला त्याच्यासारखे सुळे असते तर चुंबन घेता घेता मीच आधी याला मारलं असतं. इच्छेतली हिंसा तिला दिसली, पण प्रेत समोर पडल्यावर.

जे कधी तिचं नव्हतंच, ते तिने गमावलं आहे. ‘कुमारसंभवा’त मदन जळून जातो तेव्हा विलाप करणाऱ्या रतीला निदान आकाशवाणीचा दिलासा मिळतो की शिवपार्वतीच्या विवाहानंतर पती परत मिळेल. व्हीनसला असा दिलासा कुणी देत नाही. ती शाप देते: यापुढे प्रेमाच्या पाठीशी मत्सर आणि दुःख असेल, त्याची सुरुवात गोड आणि शेवट कडू असेल. शेवटी अडोनिसच्या रक्तातून जांभळं-पांढरं फूल उगवतं. ओव्हिडकडे ते रानातच राहतं आणि वाऱ्याने झडून जातं. शेक्सपिअरची व्हीनस ते देठापासून खुडते आणि छातीशी लावते, तिथेच सुकेल म्हणते. ज्याने आयुष्यभर मला तोडू नकोस म्हटलं, त्याचं मेल्यावरचं रूपही तिने तोडलंच. इतक्या रडण्यातूनही ती सावरलेली नाही, आणि शेक्सपिअर तिला खोटं शहाणपण देत नाही. म्हणूनच हे काव्य मला ओव्हिडच्या कथेपेक्षा सरस वाटतं.

१५९३च्या पहिल्या आवृत्तीची आज एकच प्रत शिल्लक आहे, ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. काव्य मात्र कुठेही सहज मिळतं आणि एका बैठकीत वाचून होतं. इंग्रजी जुनी आहे म्हणून बिचकू नका. सशापासून सुरुवात करा आणि मग पहिल्या कडव्याकडे वळा.