ब्रेक दगा देण्याआधी खूण देतो

भाजीची पोती भरून चोर्ला घाटाने गोव्याला उतरणाऱ्या आपल्या पिकअप गाड्यांपैकी पुष्कळ आता जुन्या झाल्या आहेत. सणासुदीला त्याच गाडीच्या हौद्यात बायकामुलेही बसतात. म्हणून ब्रेकच्या तक्रारी ओळखायला प्रत्येक घरी निदान एकाने तरी शिकावे. दुरुस्ती मिस्त्रीनेच करावी, पण दुखणे कोठे आहे हे मालकाला सांगता आले पाहिजे.

पहिली परीक्षा पायाची. गाडी सपाट जागी उभी करून पेडल दाबा. एकदा दाबल्यावर ते खोल गेले आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येऊन घट्ट झाले, तर बहुधा मागच्या ड्रममधले लायनर झिजले आहेत किंवा सैल पडले आहेत. पायाखाली स्पंज असल्यासारखे वाटले तर नळ्यांत हवा शिरली आहे. पेडल घट्ट लागते, पण पाय तसाच दाबून ठेवला की हळूहळू खाली बसत जाते आणि बाहेर कोठेही तेल गळत नाही, असे झाले तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले. ही खूण सर्वांत फसवी. गावात चालवताना काही जाणवत नाही, आणि उतारावर पाय रिकामा जातो.

पेडल दगडासारखे कडक झाले असेल तर बूस्टर पाहावा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग ते दाबून धरून इंजिन चालू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली सरकेल. सरकले नाही तर आधी त्याची रबरी नळी चिरली आहे का ते पाहावे. डिझेल गाडीत बूस्टरसाठी वेगळा पंप असतो, तोही तपासून घ्यावा. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची खोड काहींना आहे. तसे केल्यास दोन-चार दाबांत बूस्टरचे बळ संपते.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर प्रथम टायरची हवा बघा. मग चार-पाच किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावून गाडी चालवा व प्रत्येक चाकाजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. एकच चाक तापले असेल तर तेथे ब्रेक पकडून राहतो आहे. मागची दोन्ही तापली तर हँडब्रेकची केबल अडकली असावी.

ब्रेक ऑइल दर आठवड्याला घालावे लागत असेल तर गळती नक्की आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते पाहा. तेथे काही नसेल तर मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडतो ती जागा पाहावी. तेथले तेल बूस्टरच्या आत गळते आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. आमच्या जुन्या गाडीत एका मिस्त्रीने घाईत इंजिन ऑइल ओतले होते. त्याने सगळी रबरे फुगली व चारी चाकांचे काम काढावे लागले. डबीच्या झाकणावर लिहिलेले डॉट ३ किंवा डॉट ४ तेलच घालावे. हे तेल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेले १४० अंशांच्या आसपास उकळू शकते, आणि वाफ दाबली जाते म्हणून घाटात पेडल तळाला जाते. यासाठी दर दोन वर्षांनी तेल बदलावे व उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेचा पाइपही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो व तो फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरा. जळका वास आला की गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो.