बाण नसलेली स्लाइड

हिस्टॉलॉजीच्या पुस्तकातल्या आकृतीत यकृताचा लोब्यूल सुबक षट्कोनी असतो. मध्यभागी सेंट्रल व्हेन, कोपऱ्यांवर पोर्टल ट्रायड आणि भोवती संयोजी ऊतीचं ठळक कुंपण. असं कुंपण डुकराच्या यकृतात खरोखरच ठळक असतं. निरोगी माणसाच्या यकृतात मात्र ते जवळजवळ दिसतच नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर माणसाची स्लाइड आली की त्याला दिसतात गुलाबी पेशींच्या रांगा आणि अधूनमधून भोकं. लोब्यूल त्याला स्वतःच उभा करावा लागतो. पातळ भिंतीचं एकटं भोक म्हणजे सेंट्रल व्हेन. घनाकृती पेशींचं अस्तर असलेली पित्तनलिका, जाड भिंतीची धमनी आणि ऐसपैस शीर जिथे एकत्र सापडतील, तो पोर्टल ट्रायड. मग या खुणा मनातल्या मनात जोडायच्या. हा शोध म्हणजेच हिस्टॉलॉजी शिकणं, असं मी मानतो. आणि वेबवरच्या साहित्याची पारखही ते विद्यार्थ्याला किती शोधायला लावतं यावरूनच करायला हवी.

या शोधासाठी डिजिटल स्लाइड फार सोयीची आहे. स्कॅनर साधारण पाव मायक्रॉनला एक पिक्सेल या हिशेबाने काच टिपतो. दीड सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्याचे 360 कोटी पिक्सेल होतात. ते प्रत्येक पटीसाठी लहान चौकोनांत कापून ठेवलेले असतात आणि फोनवरच्या नकाशासारखा पाहणाऱ्यासमोरचा भाग तेवढा उतरतो. त्यामुळे साध्या फोनवरही स्लाइड उघडते. आधी अख्खा तुकडा कमी पटीत न्याहाळून मग आत शिरण्याची शिस्तही इथे सहज लागते. साध्या मायक्रोस्कोपच्या नळीत एका वेळी एकच जण डोकावतो, त्यामुळे विद्यार्थी नेमकं काय पाहतोय हे शिक्षकाला अंदाजानेच ओळखावं लागतं. पडद्यावर दोघांची नजर एकाच पेशीवर असते आणि चूक कुठे झाली ते बोलता येतं.

दुर्दैवाने बरंचसं वेब साहित्य ही संधी वाया घालवतं. स्लाइड उघडताच बाण आणि नावं हजर; विद्यार्थी चित्र पाहण्याऐवजी नावं वाचतो. चांगला पाठ नाव लपवतो, आधी विचारतो. आतड्यातल्या विलसचा तिरका छेद दाखवून अस्तर एकपदरी की अनेकपदरी असं विचारावं. तिरक्या छेदात एकच थर अनेक थरांसारखा भासतो. उत्तर चुकलं तर लगेच बरोबर उत्तर न देता त्याच तुकड्यातला सरळ छेद गेलेला भाग समोर आणावा.

डिजिटल स्लाइडवर खरा आक्षेप असा की, मायक्रोस्कोप हाताळायची सवय सुटेल. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमातही ऊती मायक्रोस्कोपखाली ओळखण्याचीच अपेक्षा आहे. आक्षेप मला निम्मा मान्य आहे. स्कॅन बहुधा एकाच पातळीचा असतो. फाइन फोकस फिरवून छेदाची खोली चाचपणं तो शिकवू शकत नाही. त्यासाठी मायक्रोस्कोपचे तास राहिलेच पाहिजेत, आणि त्या तासांत प्रत्येकाने काच स्वतः लावून फोकस करावी. पण पेशींची रचना ओळखायला लागणारी नजर अनेक नमुने पाहून तयार होते, आणि पेटीतल्या ठरावीक काचा ती गरज भागवत नाहीत. उलट त्याच काचा वर्षानुवर्षं फिरत राहिल्या की मुलं ऊतीऐवजी तुकड्याचा आकार, रंगाचा डाग, कोपऱ्यातली चीर पाठ करतात आणि स्पॉटिंगच्या परीक्षेत गुण मिळवतात.

जर्नलमधल्या गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींच्या आकृत्या मात्र मोडीत काढू नयेत. काढताना हात थांबतो तिथेच नीट न पाहिलेलं लक्षात येतं. आज त्या बऱ्याचदा सीनियरच्या जर्नलमधून उतरवल्या जातात, ही अडचण पडद्यामुळेच सुटू शकते: प्रत्येकाला माणसाच्या यकृताचा वेगळा, न पाहिलेला भाग द्यावा आणि लोब्यूलची सीमा त्यालाच आखायला सांगावी.