श्रमातील हृत्परीक्षा : स्ट्रेस इको

जिना चढताना छातीवर दडपण येते, थांबले की दोन-तीन मिनिटांत ओसरते, असे सांगणारा पन्नाशीचा एक रुग्ण काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. ईसीजी निर्दोष, टू-डी इकोही निर्दोष. त्या दोन कागदांवर विसंबून आम्ही तीन आठवडे अम्लपित्ताची चिकित्सा चालविली. चूक आमचीच. दोन्ही तपासण्या तो स्वस्थ पडून असताना झालेल्या, आणि तक्रार मात्र श्रमातली! पुढे हृद्रोगतज्ज्ञांनी स्ट्रेस इको केला, तेव्हा श्रमानंतर डाव्या जवनिकेची पुढील भिंत मंदावलेली दिसली. अँजिओग्राफीत त्या बाजूची धमनी बरीच अरुंद निघाली.

चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्षेमध्ये व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान दिले असून ती कर्मशक्तीवरून पारखावी असे म्हटले आहे. स्ट्रेस इको ही त्याच जातीची परीक्षा आहे, असे आम्हांस वाटते. विश्रांतीत अरुंद धमनीतूनही पुरेसे रक्त पोहोचते. श्रमाने मागणी वाढली की तुटवडा पडतो व तेवढ्या भागाचे आकुंचन मंदावते. बहुधा ईसीजीतील बदलाच्या आणि वेदनेच्याही आधी. म्हणून प्रथम विश्रांतीतील चित्रे घेतात, मग रुग्णास ट्रेडमिलवर चालवितात आणि थांबताच मिनिटा-दीड मिनिटात पुन्हा चित्रे घेतात. उशीर झाला तर भिंत पूर्ववत हलू लागते व दोष निसटतो. गुडघ्यांच्या संधिगतवातामुळे ज्यास चालवत नाही, त्यास शिरेवाटे डोब्युटामाइन देऊन हृदयाची गती वाढवितात. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येच्या ८५ टक्के गती गाठली गेली नसेल, तर निर्दोष अहवालावर फारसा भरवसा ठेवू नये. (गाठलेली गती अहवालात लिहिलेली असते, आपण शेवटची ओळ तेवढी वाचतो.)

धमनी या तपासणीत प्रत्यक्ष दिसत नाही. प्रवाहास अडथळा न करणारा लेप तीत आढळणार नाही, हेही रुग्णास सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. बीटा-ब्लॉकर गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. तपासणीपूर्वी त्या थांबवावयाच्या की नाही, हे तज्ज्ञांनीच ठरवावे. दुकानातून परस्पर ‘दोन दिवस बंद ठेवा’ असे सांगू नये, कारण त्या अचानक थांबविल्याने हृच्छूल बळावू शकतो. आणि बसल्या जागी छाती दुखते, घाम फुटतो, असे सांगत कोणी ‘गॅस’साठी हिंग्वाष्टक मागू लागला, तर त्यास ना चूर्ण द्यावे, ना स्ट्रेस इकोचा सल्ला. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.