लोकरीचा कर्बी: दोन सुयांवर गोळा कसा विणायचा

मागच्या भागात आपण हातमोज्याचा अंगठा विणला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच मागणी केली: नातवंडांसाठी खेळणं दाखवा. त्यातही इंदूर, बडोदा, बेंगळुरू, हैदराबाद अशा ठिकाणच्या आजी-आजोबांचं म्हणणं असं, की मुलांना हत्ती-ससे नकोत, त्यांना त्यांच्या व्हिडिओ गेममधली पात्रं हवीत. म्हणून आज कर्बी. गोल, गुलाबी, दोन लाल पाय आणि दोन उंच डोळे, एवढाच हा प्राणी. पण दोन सुयांवर गोळा विणता आला की निम्मी खेळणी आपोआप येतात, त्यामुळे सुरुवातीला यापेक्षा चांगला नमुना मला तरी सापडलेला नाही.

आधी हा कोण ते थोडक्यात सांगतो, कारण नातू विचारणार आणि आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे. मासाहिरो साकुराई नावाच्या जपानी तरुणाने हाल लॅबोरेटरी या कंपनीत हे पात्र तयार केलं, तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता. गेमचं काम चालू असताना खरं पात्र ठरेपर्यंत जागा भरायला म्हणून त्याने एक साधा गोळा टाकला होता. तो गोळाच सगळ्यांना आवडला आणि तोच नायक झाला. १९९२ साली निन्टेंडोच्या गेम बॉयवर 'कर्बीज ड्रीम लँड' आला. गेम बॉयच्या पडद्यावर रंग नव्हतेच, त्यामुळे हा गुलाबी की पिवळा यावर बनवणाऱ्यांतच दोन मतं होती, आणि अमेरिकेतल्या खोक्यावर तर त्याला पांढरा छापला. पुढच्या वर्षी रंगीत गेम आला आणि गुलाबी रंग कायम झाला. म्हणजे तुमच्याकडे गुलाबी लोकर नसेल आणि तुम्ही पांढरा विणलात, तरी इतिहास तुमच्या बाजूने आहे. नातू किती ऐकेल, ते वेगळं.

आणखी एक गंमत. २०१० मध्ये 'कर्बीज एपिक यार्न' नावाचा गेम आला. त्यात कर्बी स्वतःच लोकरीच्या धाग्याचा होतो. एरवी तो शत्रूला तोंडाने ओढून गिळतो, पण त्या गेममध्ये त्याला ते जमत नाही, कारण अंग धाग्याचं असल्यामुळे हवा आरपार निघून जाते. विणणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. सैल विणलेल्या खेळण्यातून हवाच काय, आतला कापूसही बाहेर येतो.

तर पहिला नियम इथूनच निघतो. लोकरीच्या गुंड्यावरच्या पट्टीवर सुयांचा नंबर लिहिलेला असतो, तो स्वेटरसाठी. खेळण्यासाठी त्याहून एक-दोन नंबर बारीक सुई घ्या. आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. म्हणजे ८ नंबर ४ मिलिमीटरची, ९ नंबर पावणेचारची आणि १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची. आज मी डबल निटिंग जाडीची लोकर आणि १० नंबरच्या सुया घेतल्या आहेत. विणलेला तुकडा बोटांनी ताणून उजेडात धरा. टाक्यांमधून उजेड फार दिसला तर ११ नंबर घ्या. बोटांना थोडं जड जातं, हे मान्य. माझ्या वयाच्या मंडळींनी वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून मुठी उघडाव्यात, मिटाव्यात आणि मग पुढे जावं.

लोकर कुठली? स्वेटरला शुद्ध लोकर चांगली, पण खेळणं सारखं धुवावं लागतं. म्हणून मी लुधियानाकडचं साधं ॲक्रिलिक घेतो. गुलाबी २५ ग्रॅम आणि लाल १० ग्रॅम घेतली तरी उरते. चेन्नई-तंजावरकडच्या मंडळींना लोकर नको वाटत असेल तर जाड सुती धागा घ्या. काळा, पांढरा, निळा आणि गडद गुलाबी यांचे दोन-दोन हात धागे पुरे. आत भरायला पॉलिएस्टरचा फायबर. उशीतला जुना कापूस किंवा सावरीचा कापूस भरू नका. धुतला की त्याचे गोळे होतात आणि कर्बी गालगुंड झाल्यासारखा दिसायला लागतो.

आता मुख्य मुद्दा: गोळा. मी सिग्नल्समधला माणूस, पण नकाशावाचन सगळ्यांनाच शिकावं लागतं. पृथ्वीचा गोल डोळ्यांसमोर आणा. ध्रुवाजवळची अक्षवृत्तं लहान, विषुववृत्त सगळ्यांत मोठं. आपली विणकामाची प्रत्येक ओळ म्हणजे एक अक्षवृत्त. ध्रुवाकडून निघालं की वर्तुळं आधी झपाट्याने वाढतात, मग हळूहळू, आणि विषुववृत्ताच्या आसपास जवळजवळ वाढतच नाहीत. म्हणून टाके सारख्या गतीने वाढवून चालत नाही. सारख्या गतीने वाढवलेत तर गोळ्याऐवजी भोवरा होतो, दोन्हीकडे टोक असलेला. सुरुवातीला एक ओळ सोडून वाढ, नंतर तीन ओळी सोडून वाढ, मग मधला सपाट पट्टा, आणि पुढे हेच उलट क्रमाने. एवढं कळलं की नमुना पाठ करावा लागत नाही.

टाके वाढवताना एकाच टाक्यात एकदा पुढून आणि एकदा मागून विणायचं, एकाचे दोन होतात. कमी करताना दोन टाके एकत्र सुलट विणायचे. विषम ओळी सुलट, सम ओळी उलट. वाढ-घट फक्त सुलट ओळीतच येते, त्यामुळे गोंधळ होत नाही.

सुईवर ८ टाके घाला. पहिल्या ओळीत प्रत्येक टाक्यात वाढ, झाले १६. तिसऱ्या ओळीत एक साधा, एक वाढीचा, असं शेवटपर्यंत, २४. पाचवीत दोन साधे, एक वाढीचा, ३२. आता थोडं थांबायचं. सहावी, सातवी, आठवी नुसती विणायची. नवव्या ओळीत तीन साधे, एक वाढीचा; ४०. पुन्हा तीन ओळी नुसत्या. तेराव्या ओळीत दोन साधे, एक वाढीचा, दोन साधे, असं आठ वेळा; ४८. तेराव्यात वाढ मध्ये का सरकवली? कारण वाढीचे टाके दर वेळी एकावर एक आले तर गोळ्यावर आठ कंगोरे उठतात आणि कर्बी सोललेल्या संत्र्यासारखा दिसतो.

चौदाव्यापासून विसाव्यापर्यंत सात ओळी सरळ. हे आपलं विषुववृत्त. एकविसाव्या ओळीत दोन साधे, दोन एकत्र, दोन साधे; परत ४०. पंचविसाव्यात तीन साधे, दोन एकत्र, ३२. एकोणतिसाव्यात दोन साधे, दोन एकत्र, २४. एकतिसाव्यात एक साधा, दोन एकत्र, १६. तेहतिसाव्यात सगळीकडे दोन एकत्र, ८. धागा वीतभर ठेवून कापा, मोठ्या नाकाच्या सुईत ओवा, आठही टाक्यांतून फिरवा आणि आवळा. सुरुवातीच्या आठ टाक्यांतूनही धागा फिरवून तसाच आवळा.

आता हातात एक विचित्र तुकडा आहे, काहीसा होडीसारखा. घाबरू नका. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही कडा शेजारी आणा. कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामध्ये एक आडवा धागा दिसतो. एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असा तो उचलत शिवण घाला आणि चार-पाच टाक्यांनंतर हळूच ओढा. शिवण आत गडप होते. दोन बोटं जातील एवढी फट ठेवून फायबर भरा. मूठभर एकदम कोंबू नका. चिमटी-चिमटीने, आधी कडेला, मग मध्ये. तळहातावर फिरवून बघत राहा. भरून झाल्यावर साधारण सहा सेंटीमीटरचा, मोसंबीएवढा गोळा होतो.

पाय लाल लोकरीचे. ६ टाके, पहिल्या ओळीत १२, तिसरीत एक साधा-एक वाढीचा करून १८. बारावीपर्यंत सरळ. तेरावीत एक साधा-दोन एकत्र, १२. पंधरावीत सगळे दोन-दोन एकत्र, ६. आवळा, शिवा, भरा. मधला सरळ भाग लांब ठेवल्यामुळे हा गोळा न होता बटाट्यासारखा लांबट होतो, तेच हवं आहे. हात गुलाबी: ५ टाके, पहिल्या ओळीत १०, सहावीपर्यंत सरळ, सातवीत टाके बंद. हातात फायबर अगदी नावाला. पाय पुढे झुकते लावा म्हणजे कर्बी टेकू न देता बसतो.

चेहऱ्यावर मात्र वेळ घालवा. शिवण पाठीमागे ठेवा. मधल्या ओळीपासून वरच्या पाच-सहा ओळी एवढे उंच डोळे, दोघांत चार टाक्यांचं अंतर. काळ्या धाग्याने उभे भरीव टाके, वर पांढरा ठिपका, खाली निळी छटा. डोळ्यांच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, गडद गुलाबी आडवे गाल. तोंड लहानसंच. आधी टाचण्या लावून अंतर बघा आणि मगच भरा. डोळे एक टाका जरी लांब गेले तरी कर्बी बेडूक होतो.

डोळ्यांना बटण किंवा मणी लावायचा मोह होतो, दिसतातही छान. माझ्या घरी तो विषय बंद आहे. हा कर्बी मी नऊ वर्षांच्या नातवासाठी विणला, पण त्याची बहीण दहा महिन्यांची आहे आणि सध्या जगातली प्रत्येक वस्तू तिच्या तोंडात जाते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी सुटा होऊ शकेल असा एकही भाग नको. खेळण्यांसाठी मिळणारे मागे चकती असलेले प्लास्टिकचे डोळेसुद्धा विणलेल्या कापडातून निसटू शकतात, कारण टाका ताणला जातो. त्यामुळे डोळे भरतकामाचेच. हात-पाय दोनदा गोल फिरवून शिवायचे, आणि मग चांगला हिसका देऊन बघायचं. लष्करात गाठ मारल्यावर तिच्यावर वजन टाकून बघतात, तसंच. टाचण्या लावल्या तेवढ्याच परत निघाल्या का, हेही मोजा. मी मोजूनच लावतो.

आमच्या नातवाचं म्हणाल तर तो बेंगळुरूत वाढतोय. घरात मराठी आहे, पण शाळेत, मित्रांत नाही. रविवारच्या फोनवर "कसा आहेस?" "बरा आहे" याच्या पुढे गाडी जात नसे. कर्बी सुरू केल्यापासून तो तपासनीस झाला आहे. मी कॅमेऱ्यासमोर तुकडा धरायचा आणि त्याने सांगायचं, "आजोबा, पाय छोटे झाले." एकदा त्याने विचारलं, की सुलट आणि उलट असे दोनच टाके असतील तर त्यात मोर्स लिहिता येईल का? येतं. सुलट पाटीवर उलट टाक्याची छोटी गाठ उठते, ती म्हणजे डिट. तीन गाठी सलग म्हणजे डॅश. त्याचं नाव मी कर्बीच्या पाठीवर असं विणून दिलं आणि त्याने ते वाचून दाखवलं. टाका, गुंडा, शिवण, आवळणे हे शब्द आता त्याला येतात. पाठ्यपुस्तकातून ते आले असते असं मला वाटत नाही.

काही मित्र अजून विचारतात, कर्नलसाहेब, हे बायकांचं काम तुम्ही कुठे घेऊन बसलात? १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. त्यात माझी आईही होती, इंदुरात. ज्या वस्तूने सैनिकाचे पाय गोठायचे वाचतात, ती बनवणं कुणाचं काम, हा प्रश्न मला तरी पडत नाही.

धुण्याचं सांगून टाकतो. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत वाळवायचं. आतला फायबर वाळायला पावसाळ्यात दोन दिवस लागतात. आणि हे घरच्यासाठी विणा. विकायला बसू नका, पात्र दुसऱ्याच्या मालकीचं आहे.

नातवाची पुढची मागणी आली आहे: मेटा नाइट. गोळा हाच, रंग गडद निळा, पण त्याला मुखवटा आणि पंख. मी त्याच्या आधी वॅडल डी घेणार आहे. त्याला तोंडच नाही, तेवढं एक काम कमी.