पेटी कुठे उघडते?

बंदर वेगळे आणि वितरणकेंद्र वेगळे. बंदरात कंटेनर बोटीवरून उतरतो, ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या वाघिणीवर चढतो आणि निघून जातो. वितरणकेंद्रात तो उघडतो. आतला माल मोजला जातो, त्याची प्रतवारी होते, लेबले लागतात, पुन्हा बांधाबांध होते आणि छोट्या खेपा करून तो गावोगाव रवाना होतो. पहिल्या कामाला खोल पाणी, धक्का आणि क्रेन पुरतात. दुसऱ्याला गोदामे, कुशल माणसे, सुटसुटीत नियम आणि वेळेची खात्री लागते. शहराच्या पदरात जास्त पडते ते दुसऱ्या कामातून, कारण रोजगार, शीतगृहे, दुरुस्तीची वर्कशॉप, विमा आणि हिशेबाची कामे पेटी जिथे उघडते तिथे जमतात. बंदराच्या गावाला मालवाहतुकीचे केंद्र म्हणून पुढे आणायचे म्हणजे पेटी तिथेच उघडणे मालकाच्या फायद्याचे करायचे. रायगड जिल्ह्यातल्या उरण-पनवेल पट्ट्यात हा प्रयत्न गेली साडेतीन दशके चालू आहे.

याच पट्ट्यातले न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले ते मुंबई बंदराचा भार हलका करण्यासाठी. मुंबईच्या गोद्यांना शहराने चहूबाजूंनी वेढले होते. मालाचे ट्रक बाहेर पडायचे ते भर वस्तीतून. खाडीच्या पलीकडे मोकळी जागा होती आणि जग कंटेनरकडे वळले होते. १९९९ मध्ये इथे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले. पुढे आणखी कंपन्या आल्या, आणि २०२४-२५ या वर्षात बंदराने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. हा आकडा वीस फुटी कंटेनरच्या मापातला आहे. चाळीस फुटी पेटी त्यात दोन धरली जाते.

यातले बरेच कंटेनर उरणच्या हद्दीत बंदच राहतात. काही दिल्ली, लुधियाना, नागपूरकडच्या कोरड्या बंदरांत, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर आगारांत, जाऊन उघडतात. काही बंदराभोवतीच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कस्टमची तपासणी जिथे होते त्या यार्डांत जातात. मुंबई-ठाणे पट्ट्यासाठी आलेला बराच माल शेवटी भिवंडीला पोहोचतो. भिवंडीला समुद्र नाही, तरी काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांत गोदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. याचे मोठे कारण जकात. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घ्यायची. व्यापारी हद्दीबाहेर ग्रामपंचायतीच्या जागेत माल उतरवत आणि लागेल तेवढाच शहरात नेत. शिवाय नाशिक आणि अहमदाबादकडचे रस्तेही जवळ होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामे, हमाल आणि वाहतूकदारांचे जाळे एकदा बसले की सहज हलत नाही. करातल्या एका तफावतीने जे घडवले ते कुठल्याही नियोजन आराखड्याने घडवले नव्हते. म्हणूनच वितरणकेंद्राचा विचार करताना धक्क्याच्या लांबीआधी कराची रचना पाहावी लागते.

नेदरलँड्सने हे फार आधी ओळखले. रॉटरडॅमने केवळ बोटी हाताळण्यावर समाधान न मानता टर्मिनलांना लागूनच वितरण उद्याने वसवली, म्हणजे कंटेनर धक्क्यावरून थेट गोदामाच्या दारात. आयातदाराला मूल्यवर्धित कर बंदरावर रोख न भरता पुढच्या विवरणपत्रात दाखवण्याची सवलत मिळाली, त्यामुळे माल विकण्याआधी भांडवल अडकून पडत नाही. परदेशी कंपन्यांनी युरोपचे गोदाम तिथेच थाटावे म्हणून १९८७ पासून एक स्वतंत्र संस्था काम करते. ती बंदराची जाहिरात करण्यापेक्षा कंपनीला जागा, वाहतूकदार आणि कर-सल्लागार मिळवून देते. त्यातच राइन नदीवरून जर्मनीपर्यंत जाणारे बार्ज आणि २००७ मध्ये सुरू झालेला मालगाड्यांसाठीचा १६० किलोमीटरचा स्वतंत्र लोहमार्ग.

नाशिकचे द्राक्ष ही दोन्ही बंदरे पाहते. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात पॅकहाऊसमध्ये द्राक्षे काही तासांत थंड केली जातात, मग शून्य अंशाच्या आसपास ठेवून रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये भरली जातात. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण १३ टन माल बसतो. सील लागते, ट्रेलरवरच्या जनरेटरवर थंडावा टिकवत गाडी कसारा घाट उतरते आणि न्हावा-शेव्याच्या यार्डात कंटेनर प्लगला लागतो. इथे तो उघडायचाच नसतो. उघडला तर माल बिघडेल. भारतीय द्राक्षांचा सर्वांत मोठा ग्राहक नेदरलँड्स आहे, पण सगळी द्राक्षे तिथले लोक खात नाहीत. बराचसा माल तिथे तपासून, लागेल तसा पुन्हा बांधून शेजारच्या देशांतल्या दुकानांकडे जातो. बागायतदाराने वर्षभर राबून पिकवलेल्या घडावर वितरणाची कमाई रॉटरडॅमच्या पट्ट्याला मिळते. ती कमाई त्यांनी कष्टाने उभी केली आहे, आणि म्हणूनच तिचा अभ्यास इथे व्हायला हवा.

निर्यातीचा माल असा बंद जाणार असेल, तर उघडण्याची संधी मुख्यतः आयातीत आहे. त्यासाठी २००४ च्या व्यापार धोरणात मुक्त व्यापार व गोदाम क्षेत्रांची तरतूद झाली. अशा क्षेत्रात आणलेल्या मालावर तो देशात विकायला बाहेर पडेपर्यंत सीमाशुल्क लागत नाही. तिथेच लेबल लावता येते, सुटे भाग जुळवता येतात आणि परदेशी परतही पाठवता येतो. देशातले पहिले असे क्षेत्र पनवेल तालुक्यातल्या साई गावाजवळ उभे राहिले. बंदराच्या जमिनीवर २७७ हेक्टरचे विशेष आर्थिक क्षेत्रही आहे. दुबईच्या जेबेल अलीने हीच वाट धरली होती: बंदर १९७९ मध्ये, मुक्त क्षेत्र १९८५ मध्ये. दोन्ही पायऱ्यांत फक्त सहा वर्षांचे अंतर होते. न्हावा-शेव्यात ते पंधरा वर्षांहून मोठे पडले आणि दरम्यान गोदामांनी आपापल्या जागा शोधल्या.

माल ठेवणाऱ्याला सर्वांत महाग पडते ती अनिश्चितता. पेटी चार दिवसांत मिळेल की अकरा, हे ठाऊक नसेल तर कारखानदार जादा साठा करून ठेवतो, आणि त्या साठ्यावरचे व्याज त्या वाटेने माल आणण्याची खरी किंमत ठरते. या बाबतीत न्हावा-शेव्यात झालेली सुधारणा मोलाची आहे. बोट लागण्याआधीच बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचे आयातीचे विवरण, भरता येते. डीपीडी म्हणजे थेट बंदरातून डिलिव्हरी घेणाऱ्या आयातदाराचा कंटेनर सीएफएसची फेरी टाळून कारखान्याकडे निघतो. जुलै २०१६ पासून कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून टोलनाक्यांवरून त्याचा माग घेण्याची व्यवस्था इथेच प्रथम सुरू झाली. समुद्रमार्गे आलेला माल ४८ तासांत सुटावा, असे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे.

मात्र गेटबाहेर पडल्यावर रस्ता लागतो. करळ फाटा, गव्हाण फाटा, पळस्पे फाटा ही नावे ट्रेलरचालकांना तोंडपाठ आहेत, ती रांगांमुळे. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. पागोटे ते चौक हा सुमारे २९ किलोमीटरचा सहापदरी महामार्ग मार्च २०२५ मध्ये मंजूर झाला असून तो बंदराला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाशी जोडेल. रेल्वेची कथा जास्त बोचरी आहे. दादरी ते न्हावा-शेवा हा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग या बंदरासाठीच आखला गेला. त्यावर एकावर एक दोन कंटेनर रचलेल्या गाड्या धावतात. पण उत्तरेकडचे टप्पे २०२१ पासून सुरू होत गेले आणि वैतरणा ते न्हावा-शेवा हा शेवटचा टप्पा मागे राहिला. गुजरातच्या मुंद्रा बंदराला पालनपूरमार्गे त्या मार्गाचा लाभ आधी मिळाला. दिल्ली पट्ट्यापासून मुंद्राचे अंतरही कमी आहे. कंटेनरांच्या संख्येत मुंद्राने न्हावा-शेव्याला मागे टाकले, यात या विलंबाचा वाटा आहे.

केंद्राची जाहिरात कोणापुढे करायची, हाही प्रश्न आहे. बंदरे सहसा बोटकंपन्यांना दर आणि खोली सांगतात. पण पेटी कुठे उघडायची हे ठरवतो मालाचा मालक: औषध कंपनी, चाकणचा सुटे भाग बनवणारा कारखाना, ऑनलाइन विक्रेता. त्याला शीतगृहाची वीज किती तास जाते, तीन पाळ्यांना माणसे मिळतात का, आणि मोकळा कंटेनर परत कुठे जमा करायचा, याची उत्तरे हवी असतात. मोकळ्या पेटीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ती दूर नेऊन द्यावी लागली तर डिझेल आणि दिवस दोन्ही वाया जातात.

आणि गाव म्हणजे तिथली माणसेही. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी घेतल्या जात असताना जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र भूखंडांची इरादापत्रे मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडला. मिठागर आणि भातखाचर देणाऱ्या घरातल्या मुलाला बंदर दिसते ते बहुतेकदा कंत्राटी कामातून किंवा ट्रेलरच्या केबिनमधून. गोदाम व्यवस्थापन, शीतसाखळी, कस्टमची कागदपत्रे ही कामे शिकवणाऱ्या संस्था याच तालुक्यात असणे हा वितरणकेंद्राच्या आराखड्याचा भाग आहे, कारण परगावाहून रोज आणलेल्या मनुष्यबळावर तीन पाळ्यांची गोदामे टिकत नाहीत.

न्हावा-शेव्याच्याच बंदर प्राधिकरणाच्या पुढाकाराने पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे नवे बंदर उभे राहत आहे. तिथे सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली आहे. न्हावा-शेव्याचा जलमार्ग गाळ उपसून साधारण १५ मीटरपर्यंत खोल केला आहे. सर्वांत मोठ्या कंटेनर बोटी वाढवणला लागतील, तेव्हा उरणच्या वाट्याला मध्यम बोटी आणि उघडायच्या पेट्या येऊ शकतात. वाढवणच्या मच्छीमारांनी या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. किनाऱ्यावरच्या कोणत्या गावाची जागा गोदामांना जाईल आणि त्यातली किती कामे त्या गावाला मिळतील, याचे आराखडे तिथे धक्का बांधण्याआधीच करता येण्यासारखे आहेत.